जिनिव्हाला गेलेला अंगठा

जमादारानं माझा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला, तेव्हा आतल्या खोलीतून माझ्या मुलाचा आवाज येणं थांबलं होतं. ओरडत होता तोवर जिवंत आहे एवढं तरी कळत होतं.

"लाव म्हातारे, अन् घेऊन जा त्याला," जमादार म्हणाला.

कागद त्यानं वाचून दाखवला नाही. मी चौथी शिकलेली. अंगठा टेकवायच्या आधी वाचला. मुलगा दुचाकीवरून पडला, पोलिसांविरुद्ध तक्रार नाही, जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे. आमच्या घरात दुचाकीच नव्हती. तरी लावला. मुलगा आत असताना मला अक्षर येतं हे दाखवून काय करू?

मुलाचं लोह्याच्या बाजारात दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. कोणीतरी चोरीची मोटार टाकून गेला. त्याचं नाव याला माहीत नव्हतं आणि ठाण्याच्या साहेबाला नाव पाहिजे होतं. एवढीच गोष्ट. पुढं तीन आठवडे नांदेडचा दवाखाना.

अर्ज मी पुष्कळ केले. सगळीकडून एकच उत्तर आलं, आईचा जबाब आहे. ज्याच्याविरुद्ध अर्ज, चौकशीही त्याच्याचकडं. आपला पेपर आपणच तपासायचा आणि पास व्हायचं, असली यांची शाळा.

मग लातूरच्या एक वकीलबाई भेटल्या. म्हणाल्या, "आजी, जिनिव्हाला पाठवू. संयुक्त राष्ट्रांकडून छळाच्या तक्रारी बघायला माणूस नेमलेला असतो. तो शिक्षा देत नाही, सरकारला विचारतो."

"नुसतं विचारून काय व्हतंय?"

"उत्तर आलं काय अन् नाही आलं काय, दोन्ही जगापुढं ठेवतात."

फॉर्मात एक प्रश्न होता, तुमचं नाव सरकारला कळवायचं का? मुलगा म्हणाला, "नको माय, परत नेतील." जीव त्याचा, मी भांडले नाही. फॉर्म दोन महिने पडून राहिला. मग एक दिवस तोच जमादार घरचा जळालेला पंखा घेऊन दुकानात आला आणि फुकट भरून घेऊन गेला. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "लिही नाव."

वकीलबाईंनी माझ्या सह्या जमवल्या. बँकेतली, रेशनची, निराधारच्या अर्जावरची. सगळीकडं सही करणारी बाई एका ठाण्यातच अंगठा का लावते, असं त्यांनी तक्रारीत लिहिलं. म्हातारी दिसली की अडाणी समजायचं, या सवयीनं जमादारानं विचारलंच नव्हतं.

जिनिव्हाचं पत्र दिल्लीला आलं, तिथून मुंबई, नांदेड करत त्याच ठाण्यात पोचलं. जमादार घरी आला, चपला बाहेर काढून.

"मावशी, फॉरेनात कोण हाय तुमचं?"

"कोणी न्हाई."

"मग तिकडचे लोक कामून विचारून राहिले?"

"तुमच्या साहेबाला विचारा. त्याला नावं काढता येतात."

पुढं वरच्या अधिकाऱ्यानं माझा नवा जबाब घेतला, तीनदा वाचून दाखवला. गुन्हा नोंदवला, साहेबाची बदली केली. याला म्हणे कारवाई. तो गेला तिथंही ठाणं आहे आणि आतली खोली आहे. सरकारनं जिनिव्हाला कळवलं, प्रकरण न्यायालयात आहे. तिथंच आहे अजून.

मुलगा उजवा पाय ओढत चालतो. जगला.