नलूताईंचं तिकीट

जुनं संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर येणार म्हणून आमच्या नाट्यरसिकांच्या ग्रुपवर आठवडाभर वाद चालला होता. नवी नायिका कुणाला पातळ आवाजाची वाटे, कुणाला फारच लहान. मीही हिरिरीने लिहिलं आणि थकलो. आम्हा ऐकणाऱ्यांनाच किती बोलायचं असतं!

त्यात नलूताईंचा निरोप आला. पूर्वी नायिकेची ती भूमिका त्याच करायच्या. "पुढच्या रांगेचं तिकीट कुणी काढून देईल का? हल्ली कमी ऐकू येतं." कुणीच उत्तर दिलं नाही, वाद पुढे सरकला.

मी दोन तिकिटं काढली. दुपारच्या प्रयोगाला त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. पहिलं पद संपत आलं तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आलं ऐकू?"

"फारसं नाही रे," त्या म्हणाल्या, "पण पोरगी श्वास अगदी नेमक्या जागी घेते."

आणि पद संपताच सगळ्यांच्या आधी त्यांनी टाळी वाजवली.