सरांची गाडी आणि आत्याबाईंची बादली

घरापुढे गॅरेज असलं की किस्से जमवावे लागत नाहीत. भंगारासारखे आपोआप साचतात! बेला गावाच्या रस्त्याला आमचं गॅरेज, मागे घर, मधे फक्त एक पडदा. इकडे भाकर थापता थापता तिकडचं सगळं ऐकू येतं. लोखंड तरी भंगारवाला घेऊन जातो, किस्से कोण नेणार? म्हणून सांगून टाकते.

* * *

आमच्या ह्यांची पद्धत अशी, की गिऱ्हाईक आलं की लगेच बॉनेट उघडायचं नाही. आधी विचारायचं, "गाडी काय म्हनते?" मग गिऱ्हाईकानं तोंडानं आवाज काढून दाखवायचा. कोणी 'कुईंकुईं' करतं, कोणी 'टकटक'. हे डोळे मिटून ऐकतात अन् पुष्कळदा तिथंच फॉल्ट सांगतात!

एकदा एक पाटील एकदम गंभीर चेहऱ्यानं "घर्रर्र... खर्रर्र..." करत होते. पडद्यामागून माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, ओरडल्या, "कोन घोरून राह्यलं भर दुपारी? त्याले म्हना, खाट टाकून देतो!"

* * *

आदिलाबादचे एक रिटायर सर आमचे गिऱ्हाईक. तेलुगू बोलणारे, गाडी जुनी पांढरी. एक दिवस पुढच्या चाकातून धूर काढत गाडी आली अन् सर खिडकीतून ओरडत होते, "आगतलेदु! आगतलेदु!"

तेलुगूत त्याचा अर्थ, थांबत नाहीये. ब्रेक जाम होऊन चाक इतकं तापलं होतं की ब्रेक लागेचना. पण आत्याबाईंच्या कानात शिरली ती 'आग'! वरून धूर दिसतोच आहे. सरांनी हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी उभी केली, तोवर आत्याबाई भरली बादली घेऊन हजर. छन्न!

हे धावत आले. "मा! तापल्या लोखंडावर थंडं पानी?"

"मंग काय तूप टाकू?"

सर बिचारे उतरले, हात जोडून म्हणाले, "अम्मा, आग नाही, आगतलेदु!"

आत्याबाई ह्यांच्याकडे वळल्या, "पाह्य, आताबी तेच म्हनून राह्यले!"

* * *

त्या दिवशी सर इतके घाबरले की गाडीच नको म्हणाले. ह्यांनी ब्रेकचा जाम सोडवला, नवे पॅड टाकले अन् गाडी आम्हीच घेतली. आमची पहिली कार! रोज सकाळी आमच्या लेकीला, परीला, त्यातून शाळेत सोडायचं ठरलं.

माझा जीव मुळातच भित्रा. परी शाळेतून घरी येईपर्यंत माझं अर्धं ध्यान रस्त्यावर. एकदा तिला मांडीवर घेऊन मीच सोबत बसले. गाडी चालली तर गुपचूप. पण ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथर, अन् मांडीवरची पोरगीबी थरथर!

"रस्ता खराब हाये," हे म्हणाले. मग म्हणाले, बॅलन्सिंग गेलं. चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं. थरथर तशीच!

दुसऱ्या सकाळी मी परीला गाडीतून उतरवलं अन् ओट्यावर बसवून घेतलं. हे हॉर्नवर हॉर्न.

"मेकॅनिकची बायको पोरीले गाडीत बसवाले भेते! लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतील, हिले आतलं माहीत हाये!"

हे हसले नाहीत. मग मीच बोलले, "चाकाचा दोष असता तं गाडी सदाच हलली असती. ब्रेक दाबला काच हलते. ब्रेकातच पाहा."

परीला त्या दिवशी शेजारच्या ऑटोतून पाठवलं. अन् ह्यांनी गुमान जॅक लावला.

* * *

चाकामागे लोखंडाची गोल थाळी असते, डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात. ह्यांनी थाळीच्या अगदी जवळ एक स्क्रूड्रायव्हर पक्का बांधला अन् थाळी हातानं हळूहळू फिरवली. एका जागी फट दिसे, फिरवत नेली की दुसऱ्या जागी घासे. थाळीवर निळसर डागही होते.

"वाकली," हे म्हणाले.

आत्याबाई वाकून पाहत होत्या. "हे तं तव्यावानी झालं. तापल्या तव्यावर थंडं पानी पडलं का तवा असाच डुगडुगते..." अन् बोलता बोलता त्यांची नजर बादलीकडे गेली!

ह्यांनी हसू दाबत विचारलं, "मा, या तव्यावर पानी कोनं टाकलं?"

"तवाच पुराना होता!"

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. डिस्क आधीच झिजून पातळ झालेली, घासून सरळ करण्याइतका जीव तिच्यात उरला नव्हता. ह्यांनी दोन्हीकडच्या नव्या टाकल्या.

पोरीच्या आधी कोण बसणार? आत्याबाई पदर खोचून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "पह्यले मी पाहतो!" नाल्याच्या पुलापर्यंत जाऊन आल्या. मी दारातच उभी.

"थरथरली का, आत्याबाई?"

"थांबली तं मले समजलंच नाई. मी म्हटलं, बंद पडली का काय!"

मग परी बसली. मीही बसले. नंतर नंतर तर एकटीलाच ह्यांच्यासोबत पाठवू लागले!

* * *

शाळेत लेकरांच्या आयांना बोलावलं होतं. वर्गाच्या बाई एकेका लेकराला उभं करून विचारत होत्या, बाबा काय करतात? एकाचे बाबा ऑटो चालवतात, एकाचे ट्रॅक्टर चालवतात, एकीचे बस चालवतात.

आमची परी छाती काढून उभी राहिली. "माझे बाबा गाड्या थांबवतात!"

बाई हसल्या. "पोलीस आहेत का ग?"

"नाई. गॅरेज हाये."

"बरं. आणि आई काय करते?"

"आई बाबाले थांबवते!"