आजी बैलासारखी

कविताने माझ्यादेखत, थेट जपानच्या मॅनेजरबाईंसमोर, आपल्या आजीला बैल म्हटलं. मी लॅपटॉपच्या मागे उभी होते.

हिंगोलीत मी जपानी शिकवते. तिकडच्या वृद्धाश्रमांत केअरगिव्हर म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. जपानीत 'सारखं' म्हणजे 'नो यो' आणि 'पेक्षा' म्हणजे 'योरी'. दोन्ही मराठीसारखेच नामाच्या नंतर येतात, त्यामुळे आमच्या मुली ते चुटकीसरशी उचलतात. म्हणून इंटरव्ह्यूसाठी मी सगळ्यांकडून एकच वाक्य घोटून घेतलं होतं: म्हाताऱ्या माणसांना फुलासारखं जपेन.

कविता सेनगावकडच्या तांड्यावरची. तिचे दोन इंटरव्ह्यू हुकले होते. हाही गेला तर क्लास बंद, असं वडिलांनी बजावलं होतं.

मॅनेजरबाईंनी विचारलं, "म्हातारं माणूस जेवायलाच तयार नसेल तर?"

कविताने फुलाचं वाक्य म्हटलं.

"हे आधीच्या दोघींनीही सांगितलं. तुमच्या घरी कोण आहे म्हातारं?"

"आजी. बैलासारखी आहे."

मॅनेजरबाई कॅमेऱ्याजवळ सरकल्या. मग, "ती कशी?"

कविता अडखळत, पण न थांबता बोलत राहिली. बैल चारा खाईना तर मारून उपयोग नसतो. शेजारी बसायचं, मानेखाली खाजवायचं, घाई करायची नाही. तो आपणहून तोंड घालतो. आजीचं तसंच. फक्त आजी बैलापेक्षा हट्टी. इथे तिने 'योरी' अगदी बरोबर लावला.

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "माझी आईपण अशीच आहे," म्हणाल्या.

आठवड्याने सिलेक्शनचा मेल आला. मला कविताहून जास्त आनंद झाला असावा. पेढे घेऊन आजी स्वतः क्लासवर आली.

"मॅडम, पोरगी मला बैल म्हणली व्हय?"

मी कविताकडे पाहिलं. कविताच म्हणाली, "आपल्या सर्ज्यासारखी म्हणलं, आजी."

"मंग बराबर हाय," आजी खुर्चीत टेकली. "त्यो लई गुणाचा."

फुलाचं वाक्य मी कायमचं काढून टाकलं. व्याकरण मी शिकवते. 'सारखं'च्या आधी काय ठेवायचं, ते ज्याचं त्याने घरून आणायचं असतं. हे मी पुढच्या बॅचच्या चौघींना नीट समजावून सांगितलं. तरी इंटरव्ह्यूत चौघींनीही आजीला बैलच म्हटलं. त्यातल्या एकीला तर आजीच नव्हती.