अणूच्या विजंची राख

तवा तितं कोन कोन हुतं, ते आदी सांगते. म्हंजी म्हातारी रचून सांगती असं कुनी म्हनायला नको. पाटील हुता. त्याची बायको पाटलीनबाई, आन तिची पोटुशी सून. शाळंचा मास्तर. पुन्याहून जीपगाडीतनं आलेला एक सायेब. संगमनेरकडचा वायरमन. मी आन माझी सासू. बाकी समदं गाव. मला लिवाया येत न्हाई. मी सांगते, नात लिवती.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. आमी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायचो. घोडेगावच्या अलीकडं आमचं गाव. गावात वीज आली. खांबाचे खड्डे आमीच खांदले, मी आन सासूनं. निस्ता मुरूम. पहार शिरायची न्हाई. शेवटचा खांब मारुतीच्या देवळापशी रवला. तितनं आमचा बौद्धवाडा हाकंवर. आनखी दोन खांब लागले असते. न्हाई आले.

दिवेलागनीला देवळात सायबाचं भाषन झालं. गाव सभामंडपात. आमी खाली, चपलांच्या पल्याड. सायेब म्हनला, समुद्राच्या काठाला तारापूरला अणूचा कारखाना हाय. धूर न्हाई, कोळसा न्हाई. मूठभर मालात गावंच्या गावं उजळत्यात. आता तुमच्या तारंत बी तीच वीज.

मास्तर उठला. "सायेब, जपानवर बाँब पडला, त्यो बी अणूचाच ना?"

"अणू तोच. इथं आम्ही त्याला वेसण घातली आहे."

सायेब हासला. गाव न्हाई हासलं. बायांनी पदर तोंडाला लावले.

मला दुसरंच सुचलं. पाटलाच्या वाड्यावरची चुलीची राख रोज मी उचलायची. माझ्या आदी सासू, तिच्या आदी तिची सासू. मागच्या दारानं जायचं, पाटी भरायची, उकिरड्यावर न्यायची. जितं इस्तू हाय तितं राख हाय, एवढं मला कळत हुतं. मी खालनंच इचारलं.

"सायेब, त्याची राख कोन उचलतं?"

समदे वळले. सायेब म्हनला, "राख थोडी होते, बाई. ती जपून पुरून ठेवतात."

"कुनाच्या रानात?"

सायेब काय बोलायच्या आत पाटील वरडला, "तुज्या दारात टाकू की! राखंची लई हौस हाय हिला."

गाव खदाखदा हासलं. मघा भ्यालेलं समदं हासलं. सायेब बी हासला. माझा सवाल त्या हासन्यात गेला. सासूनं माझा हात दाबला. "गप ऱ्हा."

मग देवळातल्या दिव्याचं बटन दाबायची येळ आली. मान पाटलीनबाईचा हुता. ती उठंना. "नगं बाई, संगं पोटुशी सून हाय. बाँबची वीज ती." मास्तरला म्हनलं, तर त्याचं धोतर सुटाया लागलं. पाटलानं इकडं तिकडं बघितलं. मग माझ्याकडं बोट केलं.

"आज हरिजनाच्या बाईच्या हातनं करू. ये गं, वर ये. सायबाला बी बरं वाटंल."

जलमात त्या पायरीला माझा पाय लागला न्हवता. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. वाटलं, राखंचं इचारलं म्हनून ह्यांनी मला मानूस धरलं. सासूनं माझा पदर सारका केला. तिचे डोळे भरले हुते. मी वर गेले. पाटलीनबाईनं लांबनंच एक फूल माझ्या हातात टाकलं.

बटनावर बोट ठिवलं आन मागं बघितलं.

मंडप मोकळा. समदं गाव पायऱ्या उतरून खाली. पाटील सुनंला घिऊन देवळाच्या भिंतीआड. सायेब जीपगाडीपशी, हातातलं घड्याळ बघत. माझ्या शेजारी एकटा वायरमन. त्यो हळूच म्हनला, "दाबा, ताई. काय न्हाई व्हायचं. तार मी जोडलीया."

"मग हे का पळाले?"

"त्यांना ते कुठं ठाव हाय?"

तवा कळलं. मी मरंन का, हे बघाया मला वर आनली हुती.

मी बोट काढलं. भ्याले म्हनून न्हाई. वायरमनवर माझा इस्वास हुता. फूल बटनाखाली ठिवलं.

"पाटील, तुमी या. तुमी दाबा. मी शेजारी हुबी ऱ्हाते."

"उलट बोलतीस? उद्या खडीवर दिसू नगंस!"

"न्हाई दिसत."

मी खाली उतरले. वायरमननंच बटन दाबलं. उजेड पडला. तसं गाव टाळ्या वाजवत वर पळालं.

दुसऱ्या दिशी टँकर आला. आमच्या बाया घागरी घिऊन सकाळधरनं उनात बसलेल्या. त्या टँकरच्या पान्यानं आदी देऊळ धुतलं, माझा पाय लागला म्हनून. उरलं ते आमाला.

खडीच्या कामावरनं माझं नाव काढलं. मी आन सासू चार कोस लांबच्या कामावर चालत जायचो. वाड्यावरची राख मातुर परत उचलली न्हाई. पाटलीनबाईचा सांगावा दोनदा आला. सासूनंच सांगून धाडलं, "तुमच्या चुलीची राख तुमी उचला."

आमच्या वाड्यात दिवा लई वर्सांनी आला. सासूनं बघितला न्हाई.

आता नात सांगती, अणूचे आनखी कारखाने निगनार हायेत. चांगली वीज असती म्हनं. असंल. मला त्यातलं काय कळतं? पर माझ्या सवालाचं उत्तर अजून आलं न्हाई, आन त्याबिगर माझा कुनावर इस्वास बसायचा न्हाई.

हे वाचनाऱ्याला माझं एकच मागनं हाय. तुमच्या गावात असा सायेब आला, तर इचारा, राख कोन उचलतं आन कुनाच्या रानात पुरत्यात. लोक हासतील. हासू द्या. खाली बसू नगा. परत इचारा.