बैठकीतलं विमान

लिही. तुझा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो, इथून सुरू कर. विमानाचं सगळं त्यातूनच निघालं.

तेवीस वर्षं झाली माझ्या लेकाला त्या कामात. हात कितीही साबणानं धुतले तरी नखांत काळं राहतंच. कुणाच्या घरी गेलो की माणसं घर बघतात, रंग बघतात, हा जिन्यापाशीच थांबून कान देतो. "आई, ऐकलंस? दोर घासतोय." मला काय डोंबलाचं ऐकू येणार! पण दोन महिन्यांनी त्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडते, हे मी तीन-चारदा पाहिलंय.

त्याचा एक नियम आहे. दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये आधी माणूस जायचा नाही, आधी वाळूच्या गोण्या. पाटीवर जेवढ्या माणसांचं वजन लिहिलंय तेवढ्या गोण्या भरायच्या, तीनदा वर, तीनदा खाली. मगच लोकांना दार उघडायचं. गोणी कमी पडली तर त्याचा जोडीदार आत उभा राहतो. त्याला सगळे शंभरकिलोच म्हणतात. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. तो म्हणतो, "वाळू बरी, तिची निदान घरी कुणी वाट बघत नाही."

हा नियम त्याला कंपनीनं नाही शिकवला. तुझ्या आजोबांनी शिकवला, स्वतःचा पाय मोडून. नवा नवा कामाला लागला होता. पहिलीच लिफ्ट एकट्यानं दुरुस्त केली आणि कौतुकानं वडिलांना दाखवायला घेऊन गेला. गोण्या आणायचा कंटाळा केला. आजोबा आत गेले, लिफ्ट दीड मजला घसरली आणि मग ब्रेक लागला. तीन महिने पाय प्लास्टरमध्ये. आजोबा येईल-जाईल त्याला सांगायचे, "पोरानं मला सैर करवली, उतरायचं तेवढं विसरला." हसायचे ते, पण तुझा बाबा नाही हसला कधी.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. नवा कुकर आणला तर पहिले दोन दिवस नुसतं पाणी उकळायचं. नवे बूट आठ दिवस घरातच घालायचे. तुला शाळेत घालायच्या आधी तुझं ते बदकाचं दप्तर पाठीला लावून स्वतः चालत शाळेपर्यंत गेला होता, किती मिनिटं लागतात बघायला. शाळेच्या शिपायानं विचारलं, "कुठल्या वर्गात?" हे लिही, हसतेस काय!

आता तुझ्या आत्याचं.

माझी लेक अकरा वर्षांपूर्वी लांब गेली. दोन विमानं बदलावी लागतात एवढी लांब. ती आणि तिचा नवरा तिथं कपडे धुवायचं दुकान चालवतात, दोघंच. दुकान कुणाच्या भरवशावर टाकून यायचं? म्हणून ती कधी आली नाही. तिची पोर चार वर्षांची झाली, मी तिला फोनमध्येच पाहिलेली. ती तिकडून पापा द्यायची तो काचेला, मी इकडून द्यायची तोही काचेला.

आणि ती गेली त्या दिवशीची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. टॅक्सी दारात उभी. सामान चढवलेलं. तुझ्या बाबाला फोन आला, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय, जवळच आहे. म्हणाला, "पाच मिनिटांत येतो, थांबा." थांबलो. पाचाची वीस झाली, विसाची पस्तीस. टॅक्सीवाला ओरडायला लागला. शेवटी ती गेली. हा आला तेव्हा रस्त्यावर मी एकटी उभी होते. त्यावर दोघं बहीणभाऊ कधी बोलले नाहीत. फोनवर हवापाण्याचं बोलतात, पोरीचं बोलतात, ते नाही बोलत.

तर औंदा मला शहात्तरावं लागलं आणि मी म्हटलं, मला लेकीकडे जायचंय. गुडघे अजून माझं ऐकतात तोवर.

तुझ्या बाबाला सुट्टी मिळते एका वेळी आठ दिवस, त्याच्यावर एक तास नाही. हॉस्पिटलच्या अकरा लिफ्ट त्याच्याकडे आहेत. आणि आठ दिवस म्हणायचे, असतात सातच. त्यानं वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. जायला दीड दिवस. यायला दीड दिवस. तिथं उतरल्यावर दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस होतो, म्हणून अर्धा दिवस झोपेत गेला. म्हणाला, "आई, हातात उरतात साडेतीन दिवस. साडेतीन दिवसांसाठी तुझे गुडघे मी तीन दिवस विमानात दुमडून ठेवू? वेळ गेला तर गेला, पण तू तिथंच आजारी पडलीस तर? पुढच्या वर्षी पंधरा दिवसांची सुट्टी मागतो, मग निवांत जाऊ."

तुझी आई म्हणाली, "पुढच्या वर्षी सुट्टी मिळेल हे कुणी लिहून दिलंय? आणि पुढच्या वर्षी आईंचे गुडघे काय नवे येणार आहेत?" माझी बाजू घेतली तिनं, पण गुडघ्यांवरनं जरा जास्तच बोलली.

हो नाही, हो नाही, यात तीन आठवडे गेले. मग एके दिवशी जेवता जेवता तुझा बाबा म्हणाला, "गोण्या टाकून बघू."

तुझ्या आईनं कपाळाला हात लावला. तिला बरोबर कळलं होतं.

लांबचं विमान चौदा तासांचं. रविवारी सकाळी सहा वाजता त्यानं बैठकीतलं टेबल हलवलं आणि चार खुर्च्या मांडल्या, दोन पुढं, दोन मागं. विमानात दोन खुर्च्यांत किती जागा असते ते कुठूनतरी शोधून काढलं होतं. टेपनं मोजून माझ्या गुडघ्यापुढं पुढची खुर्ची आणून टेकवली. पुढं मी आणि तुझी आई असं ठरलं होतं, पण तो म्हणाला, नाही, आईच्या पुढं खुर्ची पाहिजे, नाहीतर खरं कळणार नाही. म्हणून तू आणि तुझी आई पुढं, मी आणि तो मागं. तोंडं सगळ्यांची भिंतीकडे.

नियम सांगितले. संडासला जायचं तर शेजारच्याला उठवायचं. तासातासानं मी चार पावलं चालायची, स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. जेवण मांडीवर. फोन बंद.

तुझी आई म्हणाली, "विमानात निदान कुणी चहा तरी आणून देतं."

"मागव ना."

"कुणाकडून?"

मग तूच उठलीस आणि चहा केलास, आठवतं? तुझा बाबा म्हणाला, प्रवाशानं उठून चहा करायचा नसतो. तुझी आई म्हणाली, मग पायलटनं करावा.

दहा वाजता खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई मीठ मागायला आल्या. दार उघडंच होतं. आम्ही चौघं दोन ओळींत, पाठ त्यांच्याकडे, भिंतीकडे बघत गप्प बसलेलो. त्या दारातच थबकल्या. हळूच म्हणाल्या, "कोण गेलं हो?"

"अजून कुणी नाही," मी म्हटलं. "जायचं की नाही तेच ठरवतोय."

त्या बिचाऱ्या मीठ न घेताच गेल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगमध्ये झालं होतं की लिफ्टवाल्याच्या घरी काहीतरी बिनसलंय.

जेवायला उकडलेली अंडी, पाव आणि केळं. मांडीवर अंडं सोलणं सोपं नसतं. टरफलं माझ्या पदरात, माझं मीठ त्याच्या विजारीवर. दुपारी तू झोपलीस, तुझी आई झोपली. मला आठव्या तासाला पायांत मुंग्या आल्या, पण मी बोलले नाही. तो दर अर्ध्या तासानं माझ्या घोट्याला बोट लावून बघत होता, सूज किती आली ते. पीठ मळून झालं का बघतात ना, तसं. मी म्हटलं, "अरे, मी काय कणीक आहे?"

चार वाजले असतील. दहावा तास. बाकीच्यांचे फोन बंद होते, त्याचा मात्र खिशात थरथरला. बंद केलाच नव्हता गुलामानं! पलीकडून शंभरकिलोचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. बाजारामागच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये एक बाई अडकलीय, आणि तिच्याबरोबर तिचं कुत्रं. बाई गप्प आहे, कुत्रं ओरडतंय.

हा उठला. पाना घेतला, चप्पल घालायला लागला. दारातून म्हणाला, "पाच मिनिटांत येतो."

तुझ्या आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार नव्हते. अकरा वर्षं बोलले नव्हते. पण तोंडातून गेलं.

"त्याही दिवशी पाच मिनिटंच होती."

तो तसाच उभा. एक चप्पल पायात, एक हातात.

तुझी आई म्हणाली, शांतपणे म्हणाली, ओरडली नाही, "विमानातून कसा उतरणार आहेस? तेवढं सांग आणि जा."

"बाई अडकलीय."

"शंभरकिलो आहे ना तिथं? त्याला येत नाही का काम?"

"येतं."

"तुझ्याएवढं?"

हातातली चप्पल त्यानं खाली ठेवली. "येतं. एकोणीस वर्षं करतोय तो."

"मग?"

मग तो येऊन बसला. पाना मांडीवर. माझ्या गुडघ्यांची परीक्षा चालली होती ना दिवसभर, आणि घाम त्याला फुटला होता. पाय हलवत होता, खुर्ची करकरत होती. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, लहानपणी डॉक्टरकडे ठेवायचे तसा. भिंतीवरचं घड्याळ आम्हा सगळ्यांच्या समोर होतं, त्यामुळे लपवायला जागा नव्हती. बावीस मिनिटं. बावीस मिनिटांनी फोन आला. शंभरकिलो म्हणाला, "निघाली बाई. कुत्रं चावलं मला, पण वरवर. तू का नाही आलास? बरंय ना?"

"विमानात आहे," तुझा बाबा म्हणाला.

"कुठं आहेस?"

"उद्या सांगतो."

फोन ठेवला. जरा हिरमुसलेला दिसला मला. आपल्यावाचून काम झालं की आनंद थोडा कमीच होतो माणसाला. त्यानं फोन बंद केला, खरंच बंद केला, आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून बसला. मग हळू आवाजात, पुढं तुम्हाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "आई, त्या दिवशी आत कोण होतं माहीत आहे? कुणी नव्हतं. लिफ्ट रिकामीच अडकली होती. मला गेल्या गेल्या कळलं होतं. पण म्हटलं, आलोच आहे तर दुरुस्त करूनच जाऊ."

मी म्हटलं, "हे तिला सांगायचंय की मला?"

रात्री आठ वाजता चौदा तास झाले. मी उठले. डावा गुडघा आधी नको म्हणाला, मग तयार झाला. भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले, पाणी प्यायले आणि परत आले. पाय भोपळ्यासारखे झाले होते, खोटं कशाला सांगू. तुझा बाबा वही घेऊन उभा. "आई, अजून पाच तास थांबायचं, मग साडेचार तासांचं दुसरं विमान. आणि मिळणार साडेतीन दिवस. खरं सांग."

मी म्हटलं, "तू गोण्या घालून लिफ्ट तीनदा फिरवतोस. काही तुटलं नाही तर पुढं काय करतोस?"

"माणसं सोडतो."

"मग सोड की."

सोमवारी त्यानं सुट्टीचा अर्ज दिला. शंभरकिलोच्या हातात हॉस्पिटलच्या अकरा किल्ल्या दिल्या आणि प्रत्येक लिफ्टची खोड अर्धा तास समजावत बसला. तो शेवटी म्हणाला, "तू जा रे बाबा. तू गेल्यावर तरी मला काम करू दे."

आणि गेलो, मी आणि तुझा बाबा. विमानात खरं म्हणजे घरच्यापेक्षा बरं होतं, उशी होती. आत्या राहते सहाव्या मजल्यावर. सामान घेऊन लिफ्टपाशी आलो तर तुझा बाबा पाटी वाचत उभा, किती माणसं, किती वजन. कान लावला. तुझ्या आत्यानं त्याचा तोच कान धरला. "दादा, रोज जाते मी यातून. चल आत." तो गेला. गोण्या न टाकता लिफ्टमध्ये शिरलेला तुझा बाबा मी तेवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. एक टोक तिच्या हातात, एक याच्या. दार लोटलेलं होतं, मी उघडलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. म्हणाली, "रिकामी लिफ्ट, आई! रिकामी!" आणि हसायला लागली, रडायचं राहून.

आता शिक्षिकाबाई विचारतात, एवढ्या लांब जाऊन आठ दिवसांत परत, परवडलं का? त्यांना तू हे वाचून दाखव. पोर दोन दिवस माझ्याजवळ आली नाही, पडद्यामागून बघायची. फोनमधली आजी बाहेर कशी आली, असं झालं असेल तिला. तिसऱ्या दिवशी दुपारी येऊन मांडीवर बसली, माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि तिथंच झोपली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गुडघा अजून सुजलेला आहे.

परवडलं. अजून एक दिवस मिळाला असता तर बरं झालं असतं, पण पंधरा दिवस राहिलो असतो तरी तो एक दिवस कमीच पडला असता.