बेटावरचे भावसाहेब

छावणीत सगळे त्यांना भावसाहेब म्हणत. मूळ हाक भाऊसाहेब अशीच होती. पण बाजारात हातात कागद घेऊन भाव विचारत फिरणाऱ्या या कारकुनाला कुणीतरी गमतीने भावसाहेब म्हटलं आणि ते नाव असं काही चिकटलं, की नवे आलेले जवान त्यांचं खरं नाव विचारायच्या भानगडीतच पडत नसत.

काम साधं होतं. लष्करात माणसाची बदली कुठेही होते, पगार मात्र सगळीकडे सारखाच. ज्या बेटावर बटाटासुद्धा बोटीतून येतो, तिथे तो पगार पुरणार कसा? म्हणून सरकार पगारावर वेगळा बेटभत्ता देतं. तो किती द्यायचा हे ठरायचं भावसाहेबांच्या फेरीवरून. वर्षातून एकदा त्यांनी बाजार पालथा घालायचा आणि दूध, कांदे, गादी, छत्री, मुलांचे बूट, असं संसाराला जे जे लागतं त्याचे भाव लिहून वर पाठवायचे.

गंमत अशी, की त्यांचा स्वतःचा संसार समुद्रापलीकडे होता. आई अंथरुणाला खिळलेली, बायको तिचं सगळं करत घर सांभाळणारी, आणि एकुलती एक लेक. ते बेटावर आले तेव्हा लेक पहिलीत होती. छावणीत कुटुंबासाठी घरं मोजकी आणि बाजारातल्या खोल्यांची भाडी ऐकूनच घाम फुटावा अशी. त्यामुळे ते बराकीत, आणि बाकीची घरी. वर्षाकाठी मिळणारी रजा बोटीच्या येण्याजाण्यातच संपायची.

म्हणून ही फेरी त्यांना लवकर संपवता येत नसे. शेगडीचा भाव विचारला की पाय तिथेच रेंगाळत. हिला दोन बर्नरची आवडेल का तीनची? पडद्याचं कापड दोन बोटांत धरून ते उगाच उभे राहत. दुकानवाली बाई तोंडाची फटकळ होती. एकदा म्हणाली, "भावसाहेब, दरवर्षी हात लावून बघता आणि घेत काहीच नाही. एकदा बायकोला तरी आणा, म्हणजे माझा माल खपेल."

"आणतो, आणतो," ते म्हणाले आणि पुढच्या दुकानात शिरले.

ते दुकान बुटांचं होतं. यादीत 'शाळकरी मुलाचे बूट' एवढंच लिहिलेलं. दुकानदाराने विचारलं, "नंबर कितवा दाखवू?"

भावसाहेबांना तो ठाऊक नव्हता. मग दुकानाबाहेर येऊन त्यांनी घरी फोन लावला. "अगं, तिच्या बुटाचा नंबर काय गं?"

"घेताय का?" बायकोचा आवाज एकदम उजळला.

"घेत नाहीये. भाव लिहायचाय."

मग ती म्हणाली, "दोन. आणि तुमच्या सरकारला हेही कळवा, की तुम्ही गेलात तेव्हा तिची पावलं तुमच्या तळहातात मावत होती."

त्यांनी भाव लिहिला, पण त्या दिवशी पुढची दुकानं काही झाली नाहीत.

त्याच सुमारास गाडीखान्यातला ड्रायव्हर त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याची बायको आणि जुळी मुलं बेटावरच होती. "भावसाहेब, जरा हात सैल सोडा ना. चार आकडे चढवून लिहिलेत तर कुणाला कळणार आहे? नाहीतर मला बायकापोरांना माघारी धाडावं लागेल. दुधातच पगार जातोय."

"खोटं लिहिणार नाही," भावसाहेब म्हणाले. पण ड्रायव्हरचा पडलेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. बायकापोरांपासून समुद्रापलीकडे राहणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. विचार करता करता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. फेरी नेहमी निघायची ती समुद्र शांत असतो त्या महिन्यात. तेव्हा बोटी वेळेवर येतात, दुकानं भरलेली असतात. समुद्र खवळला की दोन-दोन आठवडे बोट लागत नाही आणि तोच कांदा डोळ्यांत पाणी आणतो, तेही न चिरता.

ते साहेबांकडे गेले. "साहेब, वादळाच्या दिवसांत आणखी एक फेरी करू द्या."

"नसती उठाठेव कशाला?" साहेब म्हणाले. "आजवर कुणी केली नाही."

"पोरं मात्र त्या दिवसांतही दूध पितात, साहेब."

साहेबांनी हसून परवानगी दिली. मग वाऱ्याने छत्री उलटी होत असताना भावसाहेब पुन्हा दुकानं हिंडले. अर्ध्या फळ्या रिकाम्या होत्या. जिथे वस्तूच नव्हती, तिथे त्यांनी 'मिळत नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

वरून उत्तर यायला बरेच महिने गेले, पण भत्ता वाढला, आणि चांगला वाढला. ड्रायव्हरची जुळी बेटावरच राहिली. दोघा-तिघांनी आपापली माणसं आणवली. भावसाहेबांनीही बेकरीच्या वर दोन खोल्या घेतल्या, शेगडी आणली, दुकानवालीकडून एकदाचे पडदे घेतले, थोरल्या भावाकडे आईची सोय लावली आणि शाळेच्या सुट्टीपुरतं बायको-लेकीला बोलावून घेतलं. आईला कायमचं दुसऱ्याच्या गळ्यात घालणं बायकोलाही पटणारं नव्हतं. सुट्टी तर सुट्टी.

धक्क्यावर लेक बोटीतून उतरली. केवढी तरी उंच झाली होती. भावसाहेबांनी हात पसरले. ती आईच्या आडोशाला सरकली आणि हळूच म्हणाली, "अहो बाबा, तुम्ही बारीक झालात."

अहो बाबा! फोनवर रोज "ए बाबा, ऐक ना" म्हणून कान खाणारी हीच का ती? भावसाहेबांनी हसून वेळ मारून नेली, सामान उचललं आणि पुढे चालू लागले.

दिवस चांगले जात होते. खालून पावाचा वास यायचा, बायको नव्या शेगडीला नावं ठेवत तिच्यावरच स्वयंपाक करायची. पण लेक त्यांना पाणी द्यायची ती पाहुण्याला द्यावं तशी. "तुम्हाला अजून हवंय?" असं विचारायची. तो एक 'तुम्हाला' ऐकला, की हवं असूनही ते 'नको' म्हणायचे.

एका संध्याकाळी त्यांना कचेरीतून यायला उशीर झाला. बेकरीशी पोचल्यावर, काही लागतंय का विचारावं म्हणून त्यांनी फोन लावला. तो लेकीनेच उचलला.

"ए बाबा, कुठे आहेस तू? लवकर ये ना! मला भूक लागलीय आणि आई म्हणते तू आल्यावरच वाढणार."

"आलोच गं," म्हणत ते फोन कानाशी धरूनच जिना चढू लागले. ती बडबडत होती, ते हुंकार देत होते. आज खिडकीत कोणता पक्षी आला, आई कशी त्याला भ्यायली, सगळं सगळं. शेवटची पायरी चढून त्यांनी दार ढकललं. समोर फोन घेऊन ती उभी. तिने त्यांना पाहिलं, फोन खाली केला, ओढणी सावरावी तसा फ्रॉक सारखा केला.

"आलात?" ती म्हणाली.

जेवणं झाल्यावर भावसाहेब गॅलरीत जाऊन उभे राहिले. बायको भांडी आवरून मागून आली. "मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "फोनवरचा बाबा तिच्या ओळखीचा आहे. हे मिशीवाले गृहस्थ तिला नवे आहेत."

"आणि तुला?"

"मलाही थोडे थोडे," असं म्हणून ती हसली, पण तिने त्यांचा हात सोडला नाही.

हळूहळू पोर मोकळी झाली. त्यांच्या सायकलवर बसू लागली, समुद्रात पाय बुडवताना त्यांचं बोट धरू लागली. 'तू' मात्र तोंडातून निघालं नाही. सुट्टी संपली. त्या दोघी बोटीत बसल्या आणि बोट लहान होत गेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "ए बाबा, पोचलो आम्ही!" भावसाहेबांना एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं.

त्यांची बेटावरची मुदत संपत आली होती. साहेबांनी बोलावून सांगितलं, "भत्ता आत्ता कुठे वाढलाय. अजून तीन वर्षं मागून घ्या, दोन पैसे गाठीला राहतील. मी शिफारस करतो."

"नको साहेब."

"का हो?"

भावसाहेब आजवर कचेरीत घरचं काही बोलले नव्हते. मान खाली घालून ते म्हणाले, "मला घरी जायचंय."

बदली घराजवळच्या गावी झाली. तिथे बेटभत्ता नव्हता, पण रोज संध्याकाळच्या गाडीने घर गाठता येणार होतं. त्यांच्या जागी आलेला कारकून नुकतंच लग्न झालेला. भावसाहेबांनी त्याला सगळी दुकानं दाखवली, बेकरीवाल्याशी ओळख करून दिली. धक्क्याकडे जाता जाता त्याने विचारलं, "भावसाहेब, बायकोला आणावं का हो इथे? खर्च झेपेल?"

"ओढाताण होईल," भावसाहेब म्हणाले. "पण आण. जमतील तेवढे दिवस आण." आणि पेटी उचलून ते बोटीत चढले.