मशीहावरून भांडण

मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. बिघडलेलं मशीन आलं की लगेच उघडायचा नाही. आधी चालवणारीला समोर बसवून विचारायचा, "बाई, शेवटचं काय शिवत होतात?" निम्मा बिघाड तिथंच कळतो म्हणे.

आम्ही यहुदी. आमचा पवित्र ग्रंथही तो असाच वाचायचा. शनिवारी दुकान बंद, मग स्वारी आमच्याकडे. आईला संदेष्ट्यांची वचनं वाचून दाखवताना मधेच थांबायचा. "हे लिहिणाऱ्याचं काय काय गेलं होतं, ते बघ ताई. घर गेलं, देश गेला, परमुलखात येऊन पडला. तरी लिहितोय की उजाड रानात पाणी फुटेल. ही आशा माणसाच्या पोटातून आलीय. वरून कोणी यायचं नाही. जे करायचं ते आपणच."

आईला हे अजिबात पटायचं नाही. तिचा मशीहा खराखुरा होता. एक दिवस येणार आणि दुखलंखुपलं सगळं नीट करणार. दर शनिवारी दोघांची जुंपायची आणि मी चहा ओतत मजा बघायचे.

आईच्या हृदयाची झडप निकामी झाली, तेव्हा मजा संपली. ऑपरेशन केलं नाही तर वर्ष काढणं कठीण, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, "तो आला की करील बरं. मी छाती चिरून घेणार नाही."

मामाने ग्रंथ उघडला. "यशयाच्या पुस्तकात देवाने आपला अभिषिक्त, म्हणजे मशीहाच, कोणाला म्हटलंय? कोरेशला. परका राजा. आपला देव त्याला ठाऊकसुद्धा नव्हता. पण परमुलखात अडकलेल्या आपल्या माणसांना त्याने घरी जाऊ दिलं."

"म्हणजे आता माझ्या मशीहाला तू सर्जन करून टाकलंस," म्हणत आई तोंड फिरवून बसली.

वादात माघार घेणं मामाला माहीत नव्हतं. त्या दिवशी मात्र त्याने ग्रंथ मिटला आणि तिच्या पायाशी खाली बसला.

"बरं, तुझंच खरं. येऊ दे तो. पण आपली आई गेल्यावर मला तूच वाढवलंस. तू गेल्यावर तो आला, तर त्याचं मी काय करू?"

आईने तोंड वळवून त्याच्याकडे बघितलं. मग मला म्हणाली, "बॅग भर."

ऑपरेशन नीट पार पडलं. मामाने दुकानाला कुलूप लावलं आणि तिच्या उशाशी मुक्काम ठोकला. तिला भरवलं, तिची वेणीसुद्धा घातली, वाकडीतिकडी का होईना. मला आई परत मिळाली. त्या माणसाचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

आईला पुढे उदंड आयुष्य लाभलं, इतकं की पाठच्या भावाला पोचवायची वेळ तिच्यावरच आली. त्याच्या कबरीवर माती लोटून परतताना ती रडत नव्हती, चिडली होती.

"मशीहा यायचा नाही म्हणून जन्मभर भांडला माझ्याशी," ती म्हणाली. "एवढा शहाणा, पण कधी आरशात बघितलं नाही."